सायलेंट व्हॅलीचा टँक, अपडेट ३: बुरशी गेली एकदाची

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरेच दिवस गप्प होते कारण टँकला बुरशी लागली आणि सगळं उपसून परत लावावं लागलं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, घरात पडून असलेला दोन फुटी फिशटँक आहे आणि त्यात केरळच्या सायलेंट व्हॅलीतला नदीकाठ करायचाय. दोन वर्षांपूर्वी मुक्कालीहून फॉरेस्टच्या जीपने सैरंध्रीपर्यंत गेले होते, तिथल्या टॉवरवरून खाली कुंती नदी दिसते आणि चहूबाजूंनी नुसतं जंगल, ते डोक्यातून जातच नाहीये.

पहिल्यांदा चुकलं काय तर मी सगळं उकळून घेतलं होतं, कोकोपीट, लाकूड, सुकी पानं, सगळं, म्हणजे किडे नकोत म्हणून. वर झाकण बंद आणि दिवसातून दोनदा स्प्रे. आठवड्याभरात लाकडावर पांढरा कापूस. आता लक्षात येतंय की बुरशी खाणारं त्यात कोणी जिवंत ठेवलंच नव्हतं मी. यावेळी खाली दीड इंच खडी, त्यावर मच्छरदाणीची जाळी, मग कोळसा, कोकोपीट, आणि वर आमच्या सोसायटीतल्या जांभळाची अर्धवट कुजलेली पानं, फक्त धुतलेली. त्यात स्प्रिंगटेल, म्हणजे बुरशी खाणारे अगदी बारीक जीव, सोडले. कम्प्युटरचा छोटा फॅन रोज दोनदा पंधरा मिनिटं. कापूस परत आला होता पण तीन आठवड्यांत साफ, आणि नेच्याला दोन नवीन कोंब आलेत!!

हे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण सदाहरित जंगलाचं पण असंच असतं. एवढा पाऊस पडतो की खालच्या मातीतलं बरंचसं सत्त्व धुऊन जातं, खरी श्रीमंती वरच्या पातळ थरात, पानं कुजवणाऱ्या बुरशीत, किड्यांत आणि झाडांत. झाडं गेली की तो थर पावसात वाहून जातो, नंतर नुसती रोपं लावून ते परत येत नाही. सैरंध्रीला धरण होणार होतं तेव्हा साधारण ८.३ चौरस किलोमीटर जंगल पाण्याखाली जाणार होतं. माझ्या मावसभावाने विचारलं की एवढंसंच ना, दुसरीकडे लावायचं. अरे पण तिथली सिंहपुच्छी माकडं सहसा जमिनीवर उतरतच नाहीत, फांद्यांवरून फांद्यांवर जातात, मध्ये खंड पडला की अडकली. आणि त्यांचं मोठं खाणं म्हणजे क्युलेनिया नावाच्या झाडाची फुलं-फळं. मल्याळममध्ये त्याला वेडिप्लावू म्हणतात, प्लावू म्हणजे फणस, पण झाड ड्युरियनच्या नात्यातलं. मोठं व्हायला किती वर्षं लागतात विचार करा.

केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकांपर्यंत विज्ञान पोचवणाऱ्या संस्थेने गावोगाव जाऊन लोकांना हे समजावलं, सुगतकुमारींसारख्या कवी उतरल्या, सलीम अलींनी धरण नको म्हणून सांगितलं. १९८३ मध्ये प्रकल्प बारगळला, १९८४ मध्ये ८९.५२ चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क जाहीर झालं. मला या लोकांबद्दल फार आदर आहे, शास्त्रज्ञ, शिक्षक आणि कवी एका नदीसाठी एकत्र आले.

आता आपल्या ग्रुपमधलं एक बोलायचंय. मॉस कमी पडलं तेव्हा मला दोघांनी सुचवलं की ठाण्यातच राहतेस ना, पावसाळ्यात येऊरला जा आणि पिशवी भरून आण. नाही आणलं आणि आणणार नाही. येऊर संजय गांधी नॅशनल पार्कात आहे, परवानगीशिवाय तिथून काही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी नसतं आणलं. खडकावरचं मॉस खरवडलं की त्यात राहणारे सगळे जातात, आपल्या टँकमध्ये त्यातलं निम्मं आठवड्यात मरतं. रानातली ऑर्किड तर हातच लावू नका, नर्सरीत टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, मिळतात.

मी आमच्या गच्चीच्या कठड्यावरचं मॉस घेतलं, ते सोसायटी नाहीतरी दरवर्षी घासून काढतेच. आधी दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवलं, चुन्याचा अंश असतो म्हणून साठवलेल्या पावसाच्या पाण्याने दोनदा धुतलं. फिटोनिया हे शोभेचं रोप लावलं होतं ते काढून टाकलं, दिसतं छान पण ते दक्षिण अमेरिकेतलं.

अजून नदीचा भाग रिकामा आहे. पंप लावला की आवाज येतो आणि टँक बेडरूममध्ये आहे, कोणी एकदम सायलेंट छोटा पंप वापरला असेल तर मॉडेल सांगा प्लीज. पुढच्या वेळी नेच्याचे फोटो टाकते.