आमची वाटचाल : 170 व्होल्टवर चालणारं वॉर्मर

आमच्या शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला एक हाताची वाइंडिंग मशीन दिसते. तिच्यावर आता काम होत नाही, पण ती कुणी हलवायची नाही असं मी पोरांना सांगून ठेवलंय. 1998 साली आर्वीत काकाजी आणि मी याच मशीनवर शेतीपंपाच्या मोटारी भरायला लागलो. काकाजी माझे नात्यातले नाहीत. जिनिंगमध्ये मोटारींवर पंधरा वर्षं काढलेला हा माणूस. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण जळालेली कॉइल नुसती पाहून मोटार सिंगल फेजनं गेली की लोडनं, हे सांगायचे आणि चुकायचे नाहीत.

वॉर्मरकडे, म्हणजे नवजात बाळाला वरून ऊब देणाऱ्या मशीनकडे, आम्ही वळलो ते 2004 च्या हिवाळ्यात. तालुक्यातल्या एका प्रसूतिगृहातून स्टॅबिलायझर दुरुस्तीसाठी बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्टॅबिलायझर राहू द्या, आधी हे वॉर्मर बघा. नवं आहे, चालू आहे, दिवा लागतो, पण बाळ गरम होत नाही." मी प्लगमध्ये मीटर घातलं तर 168 व्होल्ट. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइन आली की सगळं गाव एकदम पंप चालू करायचं. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. 230 व्होल्टवर 600 वॅट देणारं हीटर 170 वर सव्वातीनशेच्या आसपास वॅट देतं, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गानं उतरतात. व्होल्टेज पाव हिश्श्यानं पडलं की उष्णता जवळजवळ निम्मी होते. शहरात बसून ज्यानं ते मशीन बनवलं, त्यानं ते 230 वर तपासलं आणि पास केलं. आमच्या तालुक्यात रात्री दोन वाजता जन्मलेल्या दीड किलोच्या बाळाचा त्यानं विचारच केला नव्हता.

त्या रात्री काकाजींनी कागदावर टॅपिंगवाला, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करून देणारा, ऑटोट्रान्सफॉर्मर काढला. आमचा धंदाच तांब्याची तार गुंडाळण्याचा. तीन महिन्यांत पहिलं वॉर्मर उभं राहिलं. 800 वॅटचं हीटर, वर पत्र्याचा रिफ्लेक्टर, खाली लोहारानं करून दिलेला स्टँड. ते 170 वरही सव्वाचारशेच्या वर वॅट द्यायचं आणि 250 वर सर्किट आपोआप आवरतं घ्यायचं. पहिलं मशीन त्याच डॉक्टरीणबाईंनी घेतलं. पैसे हप्त्यानं दिले, पण एकही हप्ता चुकवला नाही.

2005 ते 2015 धंदा सुरळीत चालला, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

एका वस्तूबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. डिकेड बॉक्स. लाकडी डबा, वर सहा गोल खटके. खटके फिरवून हवे तेवढे ओहम, म्हणजे विजेला हवा तेवढा अडथळा, लावता येतो. नागपूरच्या जुन्या बाजारातून मी तो भंगाराच्या भावात आणला. वॉर्मरचा प्रोब म्हणजे बाळाच्या पोटावर चिकटवायचा थर्मिस्टरचा, म्हणजे तापमानाप्रमाणे ओहम बदलणारा, मणी. आम्ही वापरतो तो मणी 25 अंशांना 2252 ओहम दाखवतो आणि 37 अंशांना 1355. बाळ तापलं की ओहम कमी होतात, गारठलं की वाढतात. प्रोब काढून त्या जागी हा डबा जोडायचा आणि 1355 वर खटके लावायचे. मशीननं 37 दाखवलं पाहिजे. शेडमध्ये आम्ही त्याला 'बाळ' म्हणतो. "बाळ लावलं का रे?" असं विचारल्याशिवाय एकही मशीन पॅक होत नाही. नव्या पोरांना माझं सांगणं आहे, स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्याच्या आधी ओहम पाठ करा. स्क्रीन तुम्हीच लिहिलेल्या प्रोग्रामवर चालते, त्यामुळे तुमची चूक ती तुम्हाला दाखवणार नाही.

आता 2016.

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला फोन वाजला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या इन्चार्ज सिस्टर होत्या. "भाऊ, तुमची मशीन पस्तीस दाखवून रायली, हीटर फुल चालू हाय, अन् माह्या हाताले लेकरू गरम लागून रायलं. म्या बंद केली मशीन. तुम्ही आत्ता निघा." त्यांनी काचेचं थर्मामीटर काखेत लावून पाहिलं होतं. बाळ साडेसदतीसच्या वर गेलं होतं. त्यांनी ते बाळ आईच्या छातीशी दिलं आणि मगच फोन केला. बाळाला काही झालं नाही. ते वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

तीन तास गाडी चालवून पोचलो. सर्किट ठीक, हीटर ठीक. 'बाळ' जोडलं, आकडा बरोबर. मग काकाजींनी प्रोबची वायर मीटरला लावली आणि प्लगपाशी हळूच वाकवली. आकडा 1380 वरून 1480 वर उडी मारून परत आला. वायर पूर्ण तुटली असती तर मशीननं लगेच घंटी वाजवून हीटर बंद केलं असतं, ती सोय आम्ही पहिल्यापासून ठेवली होती. पण ही वायर अर्धवट तुटली होती. स्पिरिटनं रोज पुसून प्लास्टिक कडक झालं, आतले धागे एकेक करून गेले, आणि उरलेल्या धाग्यांच्या सांध्यात शंभर ओहम वाढले. शंभर ओहम म्हणजे सुमारे पावणेदोन अंश. मशीनला वाटलं बाळ गारठलंय, म्हणून ती तापवत राहिली.

तेव्हा आमची 31 मशीन वापरात होती. आर्वीपासून मेळघाटातल्या धारणीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक दवाखान्याला मी स्वतः फोन केला : प्रोब काढून ठेवा, हातानं तपासत राहा, मी येतोय. पुष्कळांनी मला तेव्हा वेड्यात काढलं. एका गिऱ्हाइकानं तर त्या फोनचाच आधार घेतला. नऊ मशीन परत पाठवली आणि बाकी सगळं बिल अडवलं. नऊ मशीन शेडबाहेर ताडपत्रीखाली. त्यात जूनमध्ये पाऊस आला, ताडपत्री उडाली आणि तीन बोर्ड भिजले. बँकेतलं सीसी, म्हणजे कर्जाचं, खातं एनपीएच्या, म्हणजे थकीत ठरण्याच्या, काठावर. माल पोचवायची पिकअप विकली. त्यानंतर सात महिने आम्ही वॉर्मर सुटं करून एस.टी.च्या टपावर टाकून नेलं आणि दवाखान्यात जाऊन जोडलं. काकाजींनी सहा महिने पगाराचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सातव्या महिन्याचाही सोडला असता.

त्या काळात आम्ही प्रोबमध्ये एकाऐवजी दोन मणी घातले. दोघांच्या तारा वेगळ्या. दोघांच्या तापमानात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला की हीटर बंद आणि घंटी. खर्च वाढला, पण पुन्हा कुणाच्या हातावर अवलंबून राहायचं नव्हतं.

ते नवं मशीन घेऊन मी पहिल्यांदा त्याच सिस्टरकडे गेलो. त्यांनी ते सहजासहजी घेतलं नाही. म्हणाल्या, "आज रात्री हितंच बसा." बाळ नसलेल्या खाटेवर मशीन लावलं, 'बाळ' जोडलं. रात्रभर दर अर्ध्या तासानं मी खटके बदलायचे आणि त्यांनी आकडा स्वतःच्या रजिस्टरात लिहायचा. मध्येच न सांगता त्यांनी एक तार उपटून पाहिली. घंटी वाजली. पहाटे त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून खाली सही केली आणि मला दिली. "कोनी विचारलं तं दाखवा." परत आलेल्या नऊपैकी दोन मशीन त्या कागदावर विकली गेली. पुढे सिस्टरांनी दोनदा दवाखाना बदलला. दोन्ही ठिकाणी महिन्याभरात आमच्या मशीनची मागणी आली.

त्या कंपनीबद्दल लिहू नको, असं घरचे म्हणतात. लिहितो, नाव घेत नाही.

2017 मध्ये शहरातल्या एका व्यापारी कंपनीचा माणूस गिऱ्हाईक म्हणून आला, रोख देऊन एक मशीन घेऊन गेला. चार महिन्यांनी आमचा एक पोरगा, ज्याला मी सोल्डरिंग धरायला शिकवलं, तो नोकरी सोडून त्यांच्याकडे गेला. 2018 मध्ये एका टेंडरात आमच्याच स्टँडची, आमच्याच रिफ्लेक्टरच्या वाकणाची मशीन समोर उभी दिसली. अट होती यूएस एफडीए किंवा युरोपियन सीई या परदेशी मान्यतेची. त्यांनी कुठल्यातरी आयात मालाचा कागद जोडला. आमच्याकडे तो नव्हता. ते एल-वन, म्हणजे सर्वांत कमी भावाचे, ठरले. आम्हाला तर तांत्रिक छाननीतच बाहेर काढलं. पोराला मी दोष देत नाही, त्याला त्यांनी दुप्पट पगार दिला होता. पण आमच्या वाकणातलं बोट ओळखू येतं हो, ते पत्रा वाकवायचं डाय आमच्या लोहाराचं आहे.

त्यांनी बाहेरून सगळं घेतलं, आतला दुसरा मणी घेतला नाही. प्रोब स्वस्तातला, एका मण्याचा. 2019 मध्ये त्या टेंडरातल्याच एका दवाखान्यातून मला फोन आला की त्या कंपनीचं मशीन बंद आहे आणि कंपनीचा माणूस येत नाही. मुलगा म्हणाला, जाऊ नका. मी बोलत असतानाच काकाजींनी पिशवीत सोल्डरिंग गन, मीटर आणि दोन मण्यांचे चार प्रोब भरले होते. त्यांचं मशीन आम्ही चालू करून दिलं. सुट्या भागांचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. बिलावर मात्र आमच्या फर्मचं नाव मोठ्या अक्षरात छापलं.

मग कायदा बदलला. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 चे, पण ते तेव्हा ठरावीक उपकरणांपुरतेच होते. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेनं 1 एप्रिलपासून सगळीच उपकरणं त्यात आली. कमी जोखमीच्या ए आणि बी वर्गाला 1 ऑक्टोबर 2022 पासून आणि जास्त जोखमीच्या सी-डी वर्गाला 1 ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला. बरेच छोटे कारखानदार तेव्हा ओरडले. मला तो बदल मान्य आहे. दर्जाचं आयएसओ 13485, कारखान्याची प्लांट मास्टर फाइल, उपकरणाची डिव्हाइस मास्टर फाइल, हे सगळं करताना केस पिकले. पण सिस्टरच्या रजिस्टरातलं ते एक पान आणि आजची जाडजूड फाइल यात जातीचा फरक नाही. वॉर्मरच्या मानकात काळ्या ॲल्युमिनियमच्या पाच चकत्या गादीवर ठेवून तापमान मोजायला सांगितलंय. आमच्या चकत्या काकाजींनीच लेथवरून काढून आणल्या आणि चुलीच्या काजळीनं काळ्या करायला निघाले होते. त्यांना मॅट रंग आणून द्यावा लागला.

या धंद्यात येणाऱ्यांनी एक करावं : पहिली पाच मशीन सरकारी टेंडरला देऊ नयेत. पैसे केव्हा येतील याचा भरवसा नसतो. सूक्ष्म-लघु उद्योगांचा 2006 चा कायदा 45 दिवस म्हणतो, पण तो कागद गिऱ्हाइकाच्या तोंडावर धरला तर पुढची ऑर्डर जाते. ज्या दवाखान्यात आईच्या छातीशी बाळ ठेवण्याची सोय आणि सवय आहे, तिथं त्या बाळासाठी वॉर्मर विकायला जाऊ नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन मृत्यू किती कमी करता येतात ते दाखवून दिलं, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातली ऊब आधी हाताची, मग मशीनची. मशीन जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटांसाठी, श्वास न घेणाऱ्यासाठी, आई शुद्धीवर नसेल त्यासाठी.

आणि प्रोब बाळाच्या अंगाखाली कधीच जाऊ देऊ नका. पोटावर, उजव्या बाजूला, वर चांदीसारखी चकती. दर शिफ्टला हात छातीवर ठेवून बघा. हे आम्ही मशीनच्या अंगावरच मोठ्या मराठी अक्षरात लिहितो.

काकाजी आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. सकाळी दहाला येतात, टेबलावर 'बाळ' ओढतात आणि कालच्या मशीनचे आकडे पुन्हा बघतात, मी बघितलेले असले तरी. मंगळवारी धारणीकडे आठ मशीन निघाली. प्रत्येकीच्या खोक्यात एक जादा प्रोब टाकलाय. बिलात तो धरलेला नाही.