पुढाऱ्याचे व्यसन आणि बातमीदाराचे काम

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली ती उठवली गेली. त्या काळात बंदीच्या बाजूने तावातावाने बोलणारा एक लोकप्रतिनिधी रात्री स्वतःच पितो, अशी कुजबुज आमच्या तालुक्यातील पानठेल्यांवर नेहमी ऐकू येत असे. मी ती छापली नाही, हे योग्यच झाले. पण ती तपासलीही नाही, हे मला आजही बोचते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात लोकसेवकाच्या पदाशी निगडित वर्तनाला खासगीपणाचे कवच नाकारले आहे. त्यामुळे तो बैठकीला नशेत येतो काय, हे इतिवृत्त वाचून आणि उपस्थितांना भेटून पडताळणे माझे कर्तव्यच होते. उपचार सुरू असतील, तर मात्र ते त्याच्या घरचे दुःख. त्यात मी डोकावणार नाही.