दार

रविवारी दुपारी जेवून सगळे आडवे झाले आणि मी गाडीचं दार खोलायला बसलो. आमची १९९७ची मारुती ८००, तात्यांनी घेतलेली, तिचं दार लावलं की बिस्किटाचा रिकामा डबा फरशीवर पडल्यासारखं वाजतं. मित्राच्या नव्या गाडीचं दार कसं धप्प करून लागतं ते ऐकलं, तेव्हापासून डोक्यात बसलेलं, आपलंपण तसं झालं पाहिजे. म्हणून बुटाइलच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या चिकट रबराच्या काळ्या शीट मागवल्या, दाराच्या आतून चिकटवायच्या.

काच खालीवर करायच्या हँडलमागे एक घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. फडकं मागेपुढे ओढलं की ती सुटते आणि टुणकन उडते. ज्याने हे काम केलंय त्याला ती नंतर कुठे सापडते ते विचारू नका. माझी तुळशीपाशी सापडली, पाऊण तासाने.

तात्या असते तर त्यांनी आधी फडक्याखाली हात धरला असता. त्यांचा दर महिन्याचा एक रविवार गाडीचा. अंगणात 'ऐक्य'चा जुना अंक पसरायचा, इंजिनचे तिन्ही स्पार्क प्लग काढून त्यावर ओळीने ठेवायचे आणि आम्हाला बोलवायचे, रंग सांगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरट म्हणजे कमी पडतंय, आणि बरोब्बर असेल तर कंदी पेढा. बाकीची दुनिया बिस्किट कलर म्हणते, पण साताऱ्यात राहून बिस्किट कशाला म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा. फट मोजायचं फिलर गेज घरात नव्हतं, मग दाढीची जुनी ब्लेडं एकावर एक धरून ते प्लगचा गॅप बघायचे, एक ब्लेड म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, सात-आठ ब्लेडं बसली की झालं काम. मग पॉलिश पेपर, मग पेट्रोलचा बोळा, आणि मग ट्रायल म्हणून आम्ही सगळे यवतेश्वरचा घाट. ७९६ सीसी आणि आत पाच माणसं, दुसऱ्या वळणावर सेकंड टाकायला लागायचाच, पण तात्या दरवेळी म्हणणार, "बघ, पिकअप वाढला." आम्ही हो म्हणायचो. वाढला असेलही.

एकदा मात्र गाडी खरंच अडखळत, मिसिंग मारत होती आणि तिन्ही प्लग काळेकुट्ट. तात्यांनी कार्बोरेटर उघडायची तयारी केली, शेजारचे दोघं सल्ला द्यायला आले. शेवटी कळलं, मी खेळताना चोक ओढून ठेवलेला, गार इंजिन सुरू करताना पेट्रोल जास्त सोडायची खुंटी ती. मार नाही बसला. पेढेपण नाही आले त्या दिवशी.

तर दार. पत्रा आधी थिनरने पुसला, शीट रोलरने दाबून बसवली, तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवली (ती बुजवली तर इथल्या पावसात एका सीझनमध्ये दार गंजून जाईल), पॅनल लावलं. पहिलं ड्रायव्हरचंच दार केलं, कारण वाजतं तेच जास्त. लावून बघितलं. धप्प. परत उघडलं, परत लावलं. धप्प! पाच-सहा वेळा तरी केलं असेल, समोरच्या गच्चीवरचा पोरगा बघत होता.

संध्याकाळी पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून आलो, तर आई स्वयंपाकघरात दचकलीच.

"कधी आलास? दार नाही वाजलं ते?"

मी कौतुकाने सगळं सांगितलं, शीट, रोलर, क्लिप. ती ऐकत होती की नव्हती, काय माहीत. गॅस पेटवत म्हणाली, "हे आले की दार वाजायचं. मी तेवढ्यात आधण ठेवायचे."

उरलेल्या तीन दारांच्या शीट अजून खोक्यातच आहेत. लावलेली काढायला हेअर ड्रायरने गरम करावी लागते म्हणे. बघू.