बाविसावं मिनिट

रविवारी दुपारी सिनेमा बघायचं ठरलं होतं. फाइल होती, वेळ होता, पडदे ओढून झाले होते. मुलगी मांडीवर उशी घेऊन तयार. मी फाइलवर दोनदा क्लिक केलं. आवाज आला, चित्र आलंच नाही. नुसता काळाभोर पडदा आणि त्यामागे कुणीतरी बूट वाजवत चाललेलं.

"आई, रेडिओ लावलास का?"

चित्र का येत नाही ते मला ठाऊक होतं, तिथेच घात झाला. ज्याला कारण ठाऊक नसतं तो मुकाट दुसरा सिनेमा लावतो. मी मात्र सांगायला बसले. फाइलच्या नावाशेवटी ते एमकेव्ही दिसतं ना, ती नुसती पेटी. आत चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटलं वेगळी. एकात एक बसणाऱ्या त्या रशियन मात्रोश्का बाहुल्या असतात, त्यांच्यावरूनच ह्या पेटीचं नाव पडलंय, मात्रोस्का. आता पेटी उघडता आली म्हणून आतलं वाचता येतंच असं नाही. ह्या पेटीतलं चित्र एचईव्हीसी नावाच्या, २०१३ साली आलेल्या पद्धतीने दाबून बसवलेलं, आणि संगणकासोबत आलेल्या आमच्या प्लेअरला तेवढंच येत नव्हतं. आवाजाचं येत होतं, तो त्याने ऐकवला.

"मग दुसरा प्लेअर घे ना," मुलगी म्हणाली.

हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नये.

तसा व्हीएलसी आहेच. तो कुणाच्या संगणकावर नसतो? पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेला उद्योग, २००१ पासून सगळ्यांना खुला आणि फुकट. त्याच्या चिन्हातला तो नारिंगी शंकू म्हणजे त्या पोरांनी रस्त्यावरून उचलून आणून खोलीत जमवलेले वाहतुकीचे शंकू. डिसेंबरच्या अखेरीला त्या शंकूच्या डोक्यावर लाल टोपी चढते. मला ती दिसली की वर्ष संपलं असं वाटतं, कॅलेंडर काही का म्हणेना. तो काहीही वाचतो. अर्धवट उतरलेली फाइल, कुठल्याशा जुन्या फोनमधलं अंगठ्याएवढं चित्रण, सगळं. एकेकाळी एकेका फाइलसाठी कोडेकचे, म्हणजे दाबून बसवलेलं चित्र नि आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रामांचे, गठ्ठे उतरवून घेतले जायचे, त्यासोबत नको ते पाहुणेही संगणकात शिरायचे. तो जाच व्हीएलसीने संपवला, कारण त्याचे कोडेक त्याच्या पोटातच असतात.

मग अडलं कुठे? अडलं माझ्यात. मला एमपीव्ही नावाचा प्लेअर आवडतो, कारण त्याला जवळजवळ बटणंच नाहीत. खिडकी आणि चित्र, बाकी सगळं कीबोर्डच्या किल्ल्यांवर. मोठा क्यू दाबला की जिथे सोडलं ती जागा लक्षात ठेवून बंद होतो. दुसऱ्या दिवशी काही न विचारता तिथूनच सुरू. 'मागच्या वेळी सोडलं तिथून सुरू करू का?' असं विचारणारे प्लेअर मला जेवायला बसलेल्या माणसाला 'जेवणार का?' विचारणाऱ्यांसारखे वाटतात. सगळ्या फाइली गोळा करून 'तुमचं ग्रंथालय' मांडून देणारे तर नकोतच. मी मागितलं होतं का ग्रंथालय? सबटायटल मराठी असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी पडते की मागे जाऊन उभी राहते, ते मी आधी बघते. मागे गेली की प्लेअर बाद. आणि स्पेसबारने थांबलं पाहिजे. स्पेसबारने न थांबणारा प्लेअर मी अजून पाहिलेला नाही, पण तपासते.

आमच्या घरात व्हीसीआर होता तेव्हा काका असेच यंत्रापाशी बसायचे. आम्ही सगळे मागे भिंतीला टेकून, ते पुढे मांडी घालून, आमच्याकडे पाठ, बोट ट्रॅकिंगच्या चकतीवर. टेपवर चित्राच्या तिरप्या रेघा असतात आणि फिरतं हेड नेमकं त्या रेघेवरून गेलं पाहिजे. जरा चुकलं की पडद्याच्या तळाशी पांढरे ओरखडे नाचायला लागतात. "आता दिसतंय?" काका विचारायचे. "हो!" आम्ही ओरडायचो. "की आणखी जरा?" "हो!" त्यांनी काहीही विचारलं तरी आम्ही हो म्हणायचो. नायिका रडत असो की घोडे पळत असोत, काकांची नजर पडद्याच्या तळाच्या चार बोटांच्या पट्टीवर. सिनेमा संपल्यावर कोण कुणाचा भाऊ निघाला यावर आमची भांडणं जुंपायची, तेव्हा काका टेप गुंडाळत म्हणायचे, "प्रिंट स्वच्छ होती."

तर संध्याकाळपर्यंत संगणकावर चार प्लेअर झाले होते. "झालं का?" मुलगी दारात येऊन विचारून गेली. "दोनच मिनिटं." नंतर ती आली नाही. तिने तो सिनेमा फोनवर बघून टाकला, तळहाताएवढ्या पडद्यावर, आणि तिला तो आवडलाही.

नवा प्लेअर घेतला की मी एकच फाइल लावते. एक जुना सिनेमा, त्याचं बाविसावं मिनिट. रात्र, पाऊस, एक माणूस जिना चढतोय. अंधार आणि पाऊस दोन्ही दाबून बसवायला अवघड, म्हणून कसोटीला उत्तम. कच्च्या प्लेअरवर पाऊस अडखळत पडतो. त्या माणसाच्या कोटाचं तिसरं बटण तुटलेलं आहे, जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, सगळं मला पाठ आहे. तो वर पोचतो, बेलकडे हात नेतो, आणि मी फाइल बंद करते. बाकीचा सिनेमा मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी शेवटची पाळी व्हीएलसीची होती. बंद करायला बोट उशिरा पोचलं आणि बेल वाजली. दार उघडलं. आत उजेड, एक बाई, केस विस्कटलेले. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी बोलायला लागली. ओठ आधी हलत होते, आवाज किंचित मागून येत होता. मी कीबोर्डवरचं 'जे' हे अक्षर दाबलं. एका दाबाला आवाज पन्नास मिलिसेकंद पुढे सरकतो. पुन्हा दाबलं, पुन्हा. चौथ्या दाबाला ओठ आणि शब्द नेमके जुळले, अगदी स्वच्छ.

ती काय म्हणाली ते ऐकायचं राहिलं.