पुठ्ठा कोरडा आहे

नारायणगावला टोमॅटो उतरवून आलो तर पिकअपखाली पुन्हा तेलाचा डाग. मिस्त्री म्हणाले होते, क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, तेल अडवणारं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. वडिलांच्या हातची गाडी, मन मानेना. डिझेल आणि ब्रशने इंजिन धुतलं, कोरडं पुसलं, १० मिनिटं चालू ठेवून टॉर्च मारला. ऑइल फिल्टरचं हाउसिंग, म्हणजे त्याचं घर, इंजिनच्या ब्लॉकला जिथं बसतं, तिथून बारीक धार ओघळत मागे गिअरबॉक्सपाशी टपकत होती! इंजिन थंड झाल्यावर हाउसिंग खोललं. आतली रबरी रिंग चपटी, कडक; नखाने दाबली तर तडकली. नव्या रिंगला तेलाचं बोट लावलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. अॅल्युमिनियमच ते, जोर केला की आटे जातात. इंजिन चालवून बघितलं, खाली पुठ्ठा टाकलाय. रात्रीचे ९ वाजले, अजून एक थेंब नाही.