कावळीच्या तोंडात कोकिळेची पिल्लं

आई परवा माशांच्या टँकसमोर खुर्ची टाकून बसली होती आणि मला म्हणाली, "काय करू राहिला रे तू हे, पोर एकीचं आणि पोसते दुसरी?" मी म्हटलं अगं कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी टाकते ना, तसंच. तेव्हापासून आमच्या रेड झेब्रा माशाच्या मादीचं नाव कावळी पडलंय, शेजारचेपण तेच म्हणतात.

तर कोकिळा म्हणजे कुक्कू कॅटफिश, सायनोडोंटिस मल्टिपंक्टेटस, आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातला मिशावाला मासा. पांढुरक्या अंगावर काळे ठिपके, मोठे डोळे, दिसायला एकदम गरीब. सिक्लिड या माशांच्या कुळातल्या (आपले दुकानदार सिचलिड म्हणतात, म्हणू दे) काही माद्या अंडी तोंडात घेऊन उबवतात, आणि हा कॅटफिश आपली अंडी त्यांच्याच तोंडात घुसडतो. हे तलावात खरंच घडतं हे १९८६ साली जपानच्या टेत्सु सातो यांनी दाखवलं.

मला या कुक्कूंची पिल्लं घरच्या टँकमध्ये काढायची होती, पण सुरुवातीला फसलो ते सांगतो. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात ट्रॅव्हल्सने सहा कुक्कू मागवले, वर्षभर सांभाळले, आणि नंतर एका जाणकार मित्राने बघितल्यावर कळलं की ते मल्टिपंक्टेटस नाहीतच, कसलेतरी हायब्रीड, म्हणजे संकरित आहेत. पैसे गेले ते गेले, वर्षपण गेलं. दुसऱ्यांदा ओळखीच्या माणसाकडून पाच मोठे घेतले, आणि चार फुटी टँकमध्ये रेड झेब्राचा एक नर आणि पाच माद्या सोडल्या. हापण सिक्लिडच, पण आफ्रिकेतल्या दुसऱ्या, मलावी तलावातला, त्याने कुक्कू कधी बघितलेलाच नाही, आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या कामाची. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की टांगानिकातले सिक्लिड, ज्यांची कुक्कूशी पिढ्यान् पिढ्या झटापट चाललीय, ते बऱ्यापैकी सावध असतात, बाहेरचे मात्र सहज फसतात.

पाण्याचं म्हणाल तर इथे आपलं नशीब. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर चढतो, गिझरची कॉईल वर्षात जाते, बायको रोज शिव्या देते, पण टांगानिका-मलावीच्या माशांना असंच पाणी हवं असतं, पीएच आठच्या वर. पुण्याच्या मित्राला त्यासाठी टँकमध्ये शिंपले आणि प्रवाळाचा चुरा टाकावा लागतो, मला काहीच नाही. फक्त मे महिना! जळगावात पारा ४५ ला गेला की टँक ३२ च्या पुढे सरकतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि त्यात लाईट गेली की संपलंच. म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर, झाकण काढून ठेवलेलं, कूलरचं तोंड टँककडे (आम्ही घामाघूम) आणि फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या आळीपाळीने.

आता मजा. नर खड्डा करून थरथरायला लागला की मादी गोल फिरत दोन-चार अंडी टाकते आणि लगेच वळून उचलते. सगळं काही सेकंदांचं. तेवढ्यात पाचही कॅटफिश, जे दिवसभर दगडाखाली झोपलेले असतात, लग्नाच्या पंगतीत आगंतुक घुसावेत तसे घुसतात, झेब्राची अंडी खातात, स्वतःची सोडतात, नर एकाला हाकलतो तोपर्यंत दुसरा आत. आणि मादी घाईघाईत जे दिसेल ते तोंडात भरते. मी मोबाईल काढेपर्यंत तमाशा संपलेला असतो, तीनदा असं झालं.

कुक्कूची अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, झेब्राच्या अंड्यांना जवळपास आठवडा लागतो. म्हणजे आधी बाहेर आलेली पिल्लं तोंडातच मालकिणीचा माल खाऊन टाकतात, तो संपला तर एकमेकांनापण. आणि कावळी बिचारी दाणा न खाता गाल फुगवून कोपऱ्यात उभी. हे बघताना मला बरं वाटत नाही, खरं सांगतो. म्हणून मी तिला पूर्ण वेळ तोंड धरू देत नाही, बाराव्या दिवशी पकडतो.

पहिल्यांदा सगळी झेब्राचीच पिल्लं निघाली, पार हिरमोड. दुसऱ्यांदा ओल्या हातात तिला धरून पांढऱ्या वाटीवर तोंड खाली केलं, बोथट काडीने खालचा ओठ हळूच खाली केला, आणि टपटप चार पिल्लं पडली. इवल्या इवल्या मिशा, पोट टम्म, आणि वाटीच्या कडेला जाऊन लपायची धडपड. झेब्राचं एकही नाही. चौघांना वेगळ्या टँकमध्ये स्पंज फिल्टरवर ठेवलं, दिवसातून तीनदा ताजं आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), आणि चौघंही जगली.

कावळीला आठ दिवस एकटं ठेवून भरपूर खाऊ घातलं, मग परत सोडलं. आता आई सकाळी चहा घ्यायच्या आधी टँककडे जाते. काल ओरडली, "ये इकडे, हिने गाल फुगवले रे पुन्हा, आणि ते मिशावाले बघ कसे साळसूद बसलेत."