कशाचे टक्के?

दर पावसाळ्यात ती बातमी येतेच: तुळशी तलाव भरून वाहू लागला. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर सूर लागतो, आता कसली पाणीकपात? तुळशी शंभर टक्के भरला हे खरंच. पण त्याची क्षमता 8,046 दशलक्ष लिटर आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांची मिळून 14,47,363. म्हणजे काठोकाठ भरलेला तुळशी एकूण साठ्याच्या जेमतेम अर्धा टक्का. मुंबईला साधारण दोन दिवस पुरेल एवढं पाणी. एकट्या भातसाची क्षमता 7,17,037, जवळपास निम्मी. डोळा ठेवायचा तर भातसावर ठेवावा.

काही जण सात तलावांचे टक्के मिळवून सातने भागतात. समजा तुळशी आणि विहार पूर्ण भरले, बाकीचे पाच 40 टक्क्यांवर आहेत. भागाकार 57 येतो. लिटर मोजले तर साठा साडेएकेचाळीस टक्केच! तलाव लहानमोठे असताना आधी लिटरांची बेरीज करायची, टक्के शेवटी काढायचे.

साठा 40 वरून 50 टक्क्यांवर गेला की 'पाणी दहा टक्क्यांनी वाढलं' म्हणतात. दहा टक्के ते क्षमतेच्या. आधी असलेल्या पाण्यात भर पडली पंचवीस टक्क्यांची.

घर बघताना हाच घोळ खिशाला लागतो. दलाल म्हणतो, 'सातशे फूट, चाळीस टक्के लोडिंग.' लोडिंग म्हणजे जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा क्षेत्रफळात धरलेला वाटा. आपण 700 मधून 40 टक्के वजा करतो, 420 येतात. पण लोडिंग कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर चढवलेलं असेल, तर 700 ला 1.4 ने भागायचं. कार्पेट 500 निघतं. ऐंशी फुटांचा फरक, मुंबईत तेवढ्यात एक खोली बसते. उलटही होतं: काही दलाल विक्रीच्या क्षेत्रफळावरच टक्के धरतात, मग 420 बरोबर ठरतात. म्हणून टक्के विचारूच नयेत, कार्पेट किती ते चौरस फुटांत लिहून घ्यावं. रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार होणाऱ्या करारात तेच असतं.

जीएसटीचं तसंच. 18 टक्के करासकट बिल 1,180 असेल, तर मूळ किंमत काढायला 1.18 ने भागा, 1,000 येतील. 1,180 चे 18 टक्के वजा केलेत तर 967 रुपये 60 पैसे येतात आणि हिशेब जुळता जुळत नाही.

सेलमधल्या 'पन्नास अधिक वीस'बद्दल फार लिहायला नको. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे. सूट साठ टक्के, सत्तर नव्हे.

सगळ्यात महाग पडतो तो कर्जाचा फ्लॅट व्याजदर. एक लाख, पाच वर्षं, 10 टक्के फ्लॅट: व्याज 50,000, हप्ता 2,500. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच. घटत्या शिल्लकीवर मांडलं तर हा दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. शेजारच्या बँकेत घटत्या शिल्लकीवर 14 टक्के सांगितले, की लोक 'दहा कुठे, चौदा कुठे' म्हणत उठून येतात. तिथला हप्ता 2,327 असतो.